अमीनाबादेत शिरलेलं पाणी कोणाचं?

लखनऊमधल्या अमीनाबादच्या गडबडझाला बाजारात बांगड्या आणि जरीच्या लेसा घ्यायला गेलेल्या माणसाला सप्टेंबरातला जोरदार पाऊस गाठतो, तेव्हा एक गोष्ट नीट पाहण्यासारखी असते. पाणी उतारावरून वाहत येत नाही, ते खालून येतं. गटाराच्या जाळीतून आधी काळपट बुडबुडे वर येतात, जाळीवर अडकलेला कचरा तरंगायला लागतो, आणि थोड्याच वेळात पाणी दुकानाच्या पहिल्या पायरीला टेकतं. दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतो. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणतंच, ‘गोमती चढ़ गई होगी।’

गोमती तिथून दोनेक किलोमीटरवर आहे आणि बहुतेक वेळा ती बिचारी आपल्या पात्रातच असते. लखनऊच्या पुराबद्दलचे निम्मे गैरसमज या एका वाक्यात आहेत. नदी काठ सोडून शहरात येते तो पूर वेगळा, आणि शहरावर पडलेलं पाणी शहराबाहेर जाऊ शकत नाही म्हणून साचतं तो पूर वेगळा. दोन्हींची कारणं वेगळी, वेळ वेगळी, उपायही वेगळे. त्यातही गंमत अशी, की एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवू शकतो. लखनऊमध्ये नेमकं तसंच झालं आहे.

१६ सप्टेंबर २०२२ चं उदाहरण घ्या. चोवीस तासांत शहरात १५५.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लखनऊचा वर्षभराचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाच्या पावसाचा सातवा हिस्सा एका दिवसात आला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, पण त्या दिवशी रस्त्यांवर होतं ते पाणी गोमतीचं नव्हतं. ते आभाळातून थेट आलेलं होतं आणि त्याला जायला वाट नव्हती. हे पाणी किती असतं याचा अंदाज सहसा येत नाही, कारण मिलिमीटर हे माप फारच किरकोळ वाटतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने १५५ मिलिमीटर पावसात एक एकर जागेवर सव्वासहा लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचा एक, असे साठाहून जास्त टँकर एका एकरात ओतले तर जे होईल, ते झालं. शेतात यातलं बरंच पाणी मातीत मुरतं. अमीनाबादेत माती उरली आहे कुठे? झंडेवाला पार्क सोडला तर गच्च्या, डांबर, काँक्रीट आणि पत्र्याच्या पडव्या.

अशा दिवसानंतर ‘ढगफुटी’ हा शब्द सर्रास निघतो. हवामान खात्याच्या लेखी वीस ते तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात शंभर मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या पलीकडे ‘अत्यंत जोरदार’ अशी प्रतवारी आहे. म्हणजे लखनऊचा तो पाऊस मधल्या गटातला. हा भेद केवळ पंडिती नाही. ढगफुटी म्हटलं की प्रकरण दैवाच्या खात्यात जमा होतं. अति जोरदार पाऊस मात्र उत्तर भारताच्या मैदानात अधूनमधून येणारच, त्याचा हिशेब आधी मांडता येतो, आणि तो कोणी मांडला नाही, असा प्रश्न विचारता येतो.

आता खऱ्या नदीकडे. हिमालयाच्या पायथ्याशी उगम आहे म्हणून गोमतीला बर्फाचं पाणी येतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून ती निघते. तिला हिमनदी नाही. उन्हाळ्यात ती भूजलावर जगते, पावसाळ्यात पिलिभीत, शाहजहांपूर, लखीमपूर खेरी, हरदोई, सीतापूर या पट्ट्यात पडणाऱ्या पावसावर फुगते. उतार अगदी मंद असल्याने वरचं पाणी लखनऊपर्यंत पोचायला काही दिवस घेतं. त्यामुळे शहरात लख्ख ऊन पडलेलं असताना नदी चढत राहू शकते. ‘पाऊस थांबला, आता भीती नाही’ हे गल्लीतल्या पाण्याबाबत खरं असेल, नदीबाबत अजिबात नाही. हनुमान सेतूजवळ गोमतीची धोक्याची पातळी १०९.५० मीटर धरतात. त्या आकड्याकडे पाहायचं ते शहरात पाऊस पडतोय म्हणून नव्हे, सीतापुरात दोन-तीन दिवसांपूर्वी काय झालं म्हणून.

नदीचा पूर कसा असतो हे लखनऊने ऑक्टोबर १९६० मध्ये पाहिलं. पावसाळा उलटून गेल्यासारखा वाटत असताना गोमती शहरात आली आणि हजरतगंजसारख्या उच्चभ्रू भागात होड्या चालल्या. पुढे १९७१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. १९६० नंतर दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध घातले गेले, आणि तिथून ‘बांध आहे म्हणजे पूर नाही’ ही समजूत रुजली.

बांध नदीला बाहेर ठेवतो हे खरं. पण तो शहराच्या पाण्याला आत ठेवतो. शहरातले नाले गोमतीला जिथे मिळतात तिथे बांधात दरवाजे आहेत. नदीची पातळी वाढली की ते बंद करावे लागतात, नाहीतर नदीच नाल्यातून उलटी शहरात घुसेल. दरवाजे बंद असताना शहरात पाऊस पडला, तर ते पाणी पंपाने उचलून बांधापलीकडे टाकण्याशिवाय इलाज नाही. वीज गेली, पंप कमी पडले किंवा जाळीत कचरा अडकला, की नाला मागे भरत जातो आणि शेवटी तो दूरवरच्या बाजारातल्या जाळीतून वर येतो. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथे नदीच्या जागी समुद्र आहे. भरतीच्या वेळी पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडं पाण्याखाली जातात, म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रं उभारावी लागली. फरक इतकाच, की भरती काही तासांत ओसरते, फुगलेली गोमती आठवडाभरही तशीच राहू शकते.

बांधाचा दुसरा परिणाम हळू होतो. एकदा काठ सुरक्षित वाटला की पूर्वी नदी पसरायची त्या जमिनीवर घरं होतात. गोमतीपारच्या वसाहती अशाच वाढल्या. कुकरैल हा तिथला मोठा नाला, मुळात एक छोटी नदी. तिच्या काठावरच्या अकबरनगरची वस्ती जून २०२४ मध्ये पाडली गेली आणि नदी मोकळी करण्याचं कारण पुढे केलं गेलं. त्यानंतर दीडच महिन्यात, ३१ जुलैला, गोमतीनगरच्या रस्त्यांवर गुडघ्याएवढं पाणी होतं आणि अधिवेशन चालू असताना ते विधानभवनाच्या आवारातही शिरलं. अतिक्रमणाने पूर येतो हे खरंच, मात्र बोट नेहमी झोपड्यांकडे जातं. आखीवरेखीव मंजूर वसाहतीही त्याच सखल जमिनीवर असतात, हे सांगायला कोणी जात नाही.

‘लोक पॉलिथिन टाकतात म्हणून तुंबतं’ हे अमीनाबादेत सगळ्यांचं आवडतं उत्तर आहे, दुकानदारांचं आणि सरकारी बाबूंचंही. अर्धं खरं आहे. घाऊक बाजारातून रोज निघणारी वेष्टनं, खोकी, पुठ्ठे पाहिले की पटतंही. पण नाला आरशासारखा साफ असता तरी तो किती पाणी नेणार, हे त्याच्या रुंदीवर आणि उतारावर ठरतं. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती; १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता दुप्पट करायला सांगितलं. गाळ काढून २५ चे ५० होत नाहीत. अमीनाबादेत आणखी एक गोष्ट घडते, ती इतकी डोळ्यांसमोर आहे की दिसत नाही. रस्त्यावर डांबराचा थरावर थर चढत जातो, जुना खरवडून काढला जात नाही. रस्ता वर जातो, दुकान आहे तिथेच राहतं. आजोबांच्या वेळी तीन पायऱ्या चढून जायचं दुकान नातवाच्या वेळी एक पायरी उतरून जायचं होतं. मग पाणी आत येण्यासाठी पुराची गरज उरत नाही.

शहराचं जादा पाणी पूर्वी कुठे जायचं? ऐशबागेकडे मोती झील होती, तशी इतर तळी होती. त्यातली बरीच आक्रसली किंवा नावापुरती राहिली. हैदर कॅनॉलची कथा तर अजबच. नवाब गाजीउद्दीन हैदरच्या काळात गंगेचं पाणी गोमतीपर्यंत आणण्यासाठी हा कालवा काढायला घेतला, तो कधी धड वाहिला नाही, आणि आज तो शहराच्या सांडपाण्याचा मोठा नाला आहे. आणायच्या पाण्यासाठी खोदलेली वाट घालवायच्या पाण्याला लाभली!

धरणांवर राग काढणं हा सगळीकडचाच रिवाज. लखनऊच्या वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात ‘नेपाळने पाणी सोडलं’, ‘बनबसा बॅरेजमधून इतकं क्युसेक सोडलं’ अशा बातम्या येतात आणि लोक गोमतीकडे पाहायला लागतात. बनबसाचं बॅरेज शारदा नदीवर आहे. ते पाणी शारदेतून घाघरेत जातं आणि लखीमपूर खेरी, सीतापूर, बहराइच, बाराबंकीला बुडवतं. शिवाय बॅरेज म्हणजे धरण नव्हे. त्यात साठवायला फारशी जागाच नसते. वरून आलं ते खाली जाऊ द्यावंच लागतं, ‘सोडलं’ म्हणणं ही फक्त बातमीदारी. २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत अलमट्टी धरणावरून असाच गदारोळ झाला. नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात मात्र पुराचं खापर अलमट्टीच्या फुगवट्यावर फोडलेलं नाही. अतिवृष्टी, पूररेषेतली बांधकामं आणि पात्रातले अडथळे यांकडे बोट दाखवलं आहे. वाद अर्थात मिटला नाही.

घाघरेच्या काठावर गेलं की आणखी एक गोड समज गळून पडतो, पुराने शेतात सुपीक गाळ येतो हा. कधी येतो, कधी नुसती वाळू येते. आणि ‘कटान’ झालं, म्हणजे नदीने काठच कापून नेला, तर गाळ पडायला शेत उरत नाही.

हवामानबदलाबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, सगळं त्यानेच होतंय. दोन, पूर तर आजोबांच्या वेळीही यायचे. १९६० चा पूर दुसऱ्या म्हणण्याला आधार देतो. पण पहिल्यातही तथ्य आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशामागे साधारण सात टक्के. पाऊस बदलतो आहे आणि त्याच वेळी जमीनही बदलली आहे. पण पाऊस कुठे पडेल हे कोणाच्या हाती नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिलिमीटर होता. शहराचा म्हणून एकच आकडा सांगितला जातो तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

एवढं पाणी साचलं म्हणजे निदान विहिरी-बोअर भरल्या असतील, हीही समजूत असते. लखनऊच्या मध्यवस्तीत भूजलाची पातळी वर्षानुवर्षं खोल चालली आहे. साचलेलं पाणी डांबरावर असतं, जमिनीत नसतं. ते नाल्यात, नाल्यातून गोमतीत जातं, आणि उन्हाळ्यात ज्या भूजलावर ती नदी जगते ते तितकंच कमी होत राहतं.

पुरात माणसं बुडून मरतात, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. १६ सप्टेंबर २०२२ ला लखनऊमध्ये नऊ जणांचा जीव गेला तो दिलकुशा भागात भिंत कोसळून. भिंतीलगतच्या झोपड्यांत मजुरांची कुटुंबं झोपलेली होती, त्यांत मुलंही होती. उत्तर प्रदेशातल्या पावसाळी मृत्यूंमध्ये भिंती, वीज पडणं आणि विजेचा धक्का ही कारणं वर्षानुवर्षं येत राहतात. अमीनाबाद, नजीराबाद आणि चौकाच्या जुन्या घरांत पातळ लखौरी विटा आणि चुन्याचं बांधकाम आहे. ही भिंत पाणी हळूहळू पिते, जड होते, पाया भिजून मऊ होतो, आणि पाऊस चालू असताना टिकलेली भिंत ऊन पडल्यावर, वाळताना, खचू शकते. फुगवटा, नवी तिरकी भेग, अचानक अडकू लागलेलं दार या खुणा दिसल्या की त्या खोलीत झोपू नये आणि भिंतीच्या सावलीला ठेला लावू नये. नाल्याच्या पाण्यात मैला मिसळलेला असतो, त्यामुळे पाणी ओसरल्यावर जुलाब, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण पुढचे काही आठवडे येत राहतात. अमीनाबादच्या घाऊक औषधबाजारात पाणी लागलेली खोकी स्वस्तात काढली जात असतील, तर गोळ्यांची पट्टी बाहेरून कोरडी दिसली तरी घेऊ नये.