केशवराव दाते : गद्य रंगभूमीची वाणी आणि बोलपट

नाटकमंडळ्यांच्या काळी नटाच्या वाणीची खरी कसोटी शेवटच्या रांगेत बसलेला प्रेक्षक घेई. त्याच्यापर्यंत शब्द पोहोचावा म्हणून शब्दान्तीचा स्वर लांबवावा लागे आणि वाक्याचा शेवट खाली पडू न देता तोलून धरावा लागे. १९३१ मध्ये 'आलम आरा' व १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हे बोलपट प्रदर्शित झाले, आणि हीच सवय दोष ठरू लागली. कारण ध्वनिग्राहक यंत्र नटापासून हातभर अंतरावर होते.

केशवराव दाते (१८८९–१९७१) यांची घडण महाराष्ट्र नाटक मंडळीत झाली. ही मंडळी गद्य नाटकांची. ठाण्याच्या रंगायतनाला ज्यांचे नाव दिले गेले त्या राम गणेश गडकऱ्यांचे 'प्रेमसंन्यास' हिनेच रंगभूमीवर आणले. संगीत नाटकातील नटाला पदाचा आसरा असतो, गद्यनटाला तो नसतो; भाव, वेग, विराम सारे वाक्यातूनच साधावे लागते. दात्यांच्या पुढील यशाचे मूळ येथे शोधावे लागते. 'धर्मात्मा'त (१९३५) एकनाथांची भूमिका करून बालगंधर्वांसारखा थोर गायकनट लवकरच रंगभूमीकडे परतला, ही गोष्ट या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे.

तथापि केवळ गद्याची तालीम पुरेशी नव्हती. ऐतिहासिक नाटकांचे गद्यही पल्लेदार, ग्रांथिक वळणाचेच असे. या वळणापासून बोलीकडे येण्याचा टप्पा म्हणजे नाट्यमन्वंतर संस्थेचे 'आंधळ्यांची शाळा' (१९३३). ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेल्या या नाटकात दात्यांनी मनोहरची भूमिका केली. घरात बसून बोलावे तसे बोलणे हा या प्रयोगाचा आग्रह होता.

लगेच पुढील वर्षी, प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये, ते राजगुरू झाले. येथे जुनी वाणी पुन्हा उपयोगी पडली, कारण ती त्या धर्मगुरूच्या अधिकाराचीच भाषा होती. हिंदी आवृत्तीतील राजगुरू चंद्रमोहन यांचा. त्यांचे डोळे प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले. मराठी आवृत्तीचा विचार मात्र कानाने करावयास हवा.

दात्यांचे श्रेष्ठ काम 'कुंकू'मधील (१९३७) काकासाहेब. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी हा चित्रपट केला. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळासारखे भोवतालचे आवाज तेवढे ऐकू येतात. अशा शांततेत नटाचा श्वासही लपत नाही. तरुण मुलीशी विवाह केलेला हा वृद्ध वकील आरंभी हुकूम सोडतो, पुढे अडखळतो, आणि अखेरीस त्याचे बोलणेच आटत जाते. खलपुरुष म्हणून रंगविण्याची सोय असलेल्या या माणसाची प्रेक्षकाला कीव येते ती या उतरत्या स्वरामुळे. वाक्याचा शेवट खाली पडू न देणे हा मंडळीतील पहिला धडा. काकासाहेबांच्या तोंडी दाते तो जाणूनबुजून पडू देतात. हिंदी 'दुनिया न माने'तही ही भूमिका त्यांचीच आहे, त्यामुळे दोन भाषांतील एकाच नटाचे विराम शेजारी ठेवून ऐकता येतात.