मुक्या प्राण्यांचा आसरा आणि अनुदानाची वाट

जखमी बैल, म्हातारी गाय, मोटारीखाली सापडलेले कुत्रे यांना आसरा देणारी संस्था बहुधा एखाद्या कनवाळू माणसाच्या अंगणात जन्माला येते. पहिली चार जनावरे त्याच्या पदरच्या पैशावर जगतात. संख्या वाढली म्हणजे मात्र चाऱ्याची गाडी, औषधांचे बिल आणि नोकरांचा पगार ही सारी एकाच वेळी दारात उभी राहतात. पैसा आटला, तर उपवास घडतो तो दावणीच्या जनावराला. म्हणून अशा संस्थेने द्रव्यबळ कोठून व कसे मिळवावे, हा भूतदयेचाच एक भाग समजला पाहिजे.

प्रश्न जुना आहे. मुंबईची पांजरपोळ सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ साली स्थापन झाली. पश्चिम भारतातील अनेक पांजरपोळींसाठी व्यापारी महाजन मालाच्या उलाढालीवर ठराविक लाग घेत असत. त्यामुळे रोजच्या खर्चाला रोजच्या व्यापारातून उत्पन्न मिळे. आजच्या अनुदानाचे स्वरूप याहून वेगळे आहे. ते विशिष्ट कामासाठी आणि ठराविक रकमेपुरते मिळते. शिवाय त्याची मागणी आणि प्रत्यक्ष प्राप्ती यांत बराच काळ जातो.

शासकीय साहाय्याचा मुख्य मार्ग भारतीय प्राणी कल्याण मंडळाचा होय. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये हे मंडळ १९६२ साली स्थापन झाले व रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. चारा व औषधे, निवाऱ्याचे बांधकाम, आजारी जनावरांसाठी वाहन, नैसर्गिक आपत्तीतील मदत अशा प्रयोजनांसाठी मंडळाच्या योजना आहेत. मात्र अर्जापूर्वी संस्था रीतसर नोंदलेली असावी लागते आणि मंडळाची मान्यता मिळवावी लागते. निवारा बांधावयाचा असल्यास जमिनीचे कागद निर्वेध हवेत. दुसऱ्याच्या जागेवर तोंडी परवानगीने उभारलेले छप्पर कितीही उपयोगी असले, तरी सरकारी पैसा त्यावर खर्च होणे कठीण.

दुसरा मार्ग उद्योगधंद्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे. त्या कार्यांच्या यादीत पशुकल्याणाचा स्पष्ट समावेश आहे. कंपनी हे काम स्वतंत्र संस्थेकडे सोपविते, तेव्हा आयकर खात्याकडील नोंदणी आणि तशाच कार्याचा निदान तीन वर्षांचा अनुभव पाहिला जातो.

स्थानिक संस्थांचाही येथे संबंध येतो. २०२३ च्या नियमांनुसार मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची जबाबदारी त्यांच्यावर आहे, आणि मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून त्या हे काम करवून घेऊ शकतात. परंतु मिळणारी रक्कम त्या कामाचा मोबदला असते. पांगळ्या कुत्र्याच्या वर्षभराच्या अन्नाची सोय त्यातून होईल, असे धरून चालू नये.

परदेशी देणगीसाठी गृहमंत्रालयाकडे वेगळी नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने घेऊन दुसरीस देता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेच्या आधाराने परदेशी पैसा मिळविण्याची वाट लहान संस्थेला आता मोकळी नाही.

हे सर्व मार्ग निराळे असले, तरी प्रत्येक दात्याला काही गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. जनावरे किती, ती कोठून आली, बरी किती झाली, दगावली किती, आणि एका जनावरामागे रोजचा खर्च काय? त्यांची उत्तरे अर्ज लिहिण्याच्या रात्री तयार होत नाहीत. दाखल होणाऱ्या प्रत्येक जनावराची नोंद, पशुवैद्याचा शेरा, खरेदीच्या पावत्या आणि सनदी लेखापालाने तपासलेला वार्षिक हिशेब यांतूनच ती निघतात. ‘मदतीची नितांत गरज आहे’ या वाक्यापेक्षा ‘चाळीस गुरांसाठी पावसाळ्यापूर्वी अमुक चौरस फुटांचे छप्पर हवे, त्याला इतका खर्च येईल’ हे वाक्य दात्याला निर्णय घेण्यास अधिक उपयोगी पडते. अनुदान मिळाल्यावर ते ठरल्या कामीच खर्च करून विनियोगाचे प्रमाणपत्र वेळेवर पाठवावे. त्यावाचून पुढील मागणीला जोर येत नाही.

तरीही रोजचा चारा अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून ठेवू नये. त्यासाठी परिसरातील लहान देणगीदारांचे मासिक साहाय्य आणि निदान काही महिन्यांची शिल्लक असावी. इमारत, वाहन, शस्त्रक्रियेची साधने अशा एकवेळच्या खर्चाला अनुदान शोभते. उत्पन्नाचा अंदाज घेऊनच जनावरांची संख्या ठरविणे हेही ओघानेच आले. जागा व अन्न पुरत नसताना दार उघडे ठेवले, तर आत आलेल्यांचेच हाल होतात.

आपल्या नावाने आलेल्या पैशाचा जाब मुके जनावर विचारू शकत नाही. तो हिशेब चोख ठेवणे हीदेखील त्याची सेवाच आहे.