जायबंदी खेळाडू आणि शिक्षकांची जबाबदारी

पावसाळ्यात शालेय फुटबॉल सामने सुरू झाले, की एक जुनाच प्रश्न क्रीडाशिक्षकांपुढे उभा राहतो. चेंडू डोक्याने मारताना दोन मुलांची टक्कर होते. एक जण खाली पडतो, क्षणभर भांबावतो आणि तोंडावर पाणी मारताच उठून "मी ठीक आहे" असे सांगतो. त्याला पुन्हा खेळू द्यावे काय? यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच बिकट आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे खरे. परंतु उमरखेड वा झरी-जामणीच्या मैदानापासून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे.

दुखापत अंगावर काढून खेळणाऱ्याचे आपल्या समाजाला मोठे कौतुक, आणि ते अकारण नाही. फेब्रुवारी १९८१ मधील मेलबर्न कसोटीत मांडी दुखावलेल्या कपिलदेवने वेदनाशामक इंजेक्शन घेऊन २८ धावांत ५ बळी टिपले व ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला. त्याच दौऱ्यात सिडनीला लेन पास्कोचा चेंडू मुंबईच्या संदीप पाटीलच्या कानावर आदळला. ६५ धावांवर त्याला मैदान सोडावे लागले. तरी दुसऱ्या डावात तो फलंदाजीस उतरला, आणि पुढच्याच ॲडलेड कसोटीत त्याने १७४ धावा काढल्या.

परंतु या दोन्ही दुखापती एकाच मापाने मोजणे ही गफलत होय. स्नायूची दुखापत निदान वेदनेने आपली जाणीव तरी करून देते. मेंदूला बसलेला हादरा मात्र जखमी माणसाची विचारशक्तीच डळमळीत करतो. २०१४ च्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ख्रिस्तोफ क्रॅमर डोक्याला मार बसल्यावरही सुमारे १४ मिनिटे खेळत राहिला. आणि हा अंतिम सामनाच आहे काय, असे त्याने पंचांना विचारले! अशा खेळाडूचा "मी ठीक आहे" हा शब्द प्रमाण कसा मानावा? शिवाय पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसल्यास मेंदूला सूज येऊन क्वचित प्राणही जातात, आणि हा धोका कोवळ्या वयात अधिक असतो. म्हणूनच क्रिकेटमध्ये २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. फुटबॉलच्या नियमांतही २०२४ पासून आयोजकांना तशी कायमची मुभा आहे.

मुले दुखणे लपवितात ती केवळ हौसेपोटी नव्हे. बोर्डाच्या परीक्षेतील क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण ही सामान्य घरातील मुलाला वर येण्याची एक वाट असते, आणि ती वाट वरच्या स्तरावरील निवडीतून जाते. एवढे पणाला लागलेले असताना त्याने स्वतःहून बाहेर बसावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. विजयासाठी आसुसलेल्या प्रशिक्षकावर तरी निर्णय का सोपवावा?

यावर उपाय खर्चिक नाही. डोक्याला मार बसून भांबावलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. त्याला बाहेर काढण्याचा अधिकार पंचांनाही राहील. आणि डॉक्टरांच्या लेखी संमतीवाचून तो मैदानावर परतणार नाही, एवढा नियम आयोजकांनी आधीच जाहीर करावा. त्या रात्री उलट्या, वाढती डोकेदुखी वा गुंगी दिसल्यास रुग्णालय गाठावे, हे पालकांना बजावून सांगावे. आणि अशा मुलाला बाहेर बसविल्यामुळे सामना हरला, तर मुख्याध्यापकांनी शिक्षकाला जाब विचारू नये. गमावलेली ढाल पुढल्या वर्षी परत मिळविता येते.