जनावराचं वजन, मालकाचा बी.पी.

२०२५च्या सप्टेंबरात एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. १७ तारखेला भारतात ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान सुरू झालं. शिबिरांचे, फितींचे आणि रांगेतल्या बायकांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. इकडे आयर्लंडात १६ ते १८ सप्टेंबरला ऑफली परगण्यात, टल्लामोरजवळच्या स्क्रेगनला राष्ट्रीय नांगरणी स्पर्धा भरली. स्पर्धा म्हणायची एवढंच, खरं तर ती जत्रा. ट्रॅक्टर, वळू, चिखलातले बूट, आणि त्या गर्दीत ‘या, बी.पी. बघून जा’ म्हणणारे तंबू. पहिल्या बातमीत पुरुष जवळजवळ नव्हते. दुसरीत पुरुषांना पकडायचं कसं, हाच आयोजकांपुढचा पेच होता.

मी राहते त्या सँट्रीत आता शेत औषधालाही उरलेलं नाही. डोक्यावरून डब्लिन विमानतळाकडे उतरणारी विमानं, पलीकडे बोमाँट रुग्णालय, मध्ये ओम्नीचा मॉल. खुद्द डब्लिनचा गुरांचा बाजार १९७३ मध्येच बंद झाला. तरी इथल्या कुठल्याही बसथांब्यावर बोलायला लागलं, की कुणाचा तरी भाऊ कॅव्हनला किंवा मीथला गुरं राखत असतो, आणि ‘तो काही डॉक्टरकडे जायचा नाही’ हे वाक्य येतंच. आपल्याकडच्या कुठल्याही वहिनींनी म्हणावं तसं.

या देशात २०२०च्या कृषिगणनेत १ लाख ३५ हजार शेतं मोजली गेली. शेतमालकांपैकी तिसरा हिस्सा ६५ वर्षांच्या पुढचा, पस्तिशीच्या आतले शंभरात जेमतेम सात. हवा स्वच्छ, दूध घरचं, अंगमेहनत भरपूर, म्हणजे शेतकरी ठणठणीत असणार, असं आपण समजतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही समजूत मोडली. आयर्लंडच्या भरभराटीच्या वर्षांतल्या मृत्युनोंदी व्यवसायानुसार तपासल्या, तेव्हा शेतकऱ्यांचा मृत्युदर पगारदारांच्या कितीतरी वर निघाला. हृदयविकार त्यात ठळक होता. ट्रॅक्टरवर बसून दिवस जातो, जेवण मात्र अजून नांगर धरणाऱ्या आजोबांचंच असतं.

त्यावर जे केलं गेलं ते मला फार आवडलं. (लेख एकतर्फी होणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.) आयरिश हार्ट फाउंडेशन, सरकारी आरोग्यसेवा, टीगास्क ही कृषिसंस्था, दुधाच्या सहकारी कंपन्या आणि कार्लोचं पुरुष-आरोग्य केंद्र यांनी मिळून ‘फार्मर्स हॅव हार्ट्स’ हा कार्यक्रम काढला. नर्स दवाखान्यात बसल्या नाहीत. त्या गुरांच्या बाजारात, इथल्या भाषेत ‘मार्ट’मध्ये, आणि खत-पेंड विकणाऱ्या सहकारी दुकानांत जाऊन बसल्या.

मार्ट डोळ्यांपुढे आणा. लोखंडी गजांचे कप्पे, मध्ये गोल रिंगण, वर बसलेला लिलाववाला न समजणाऱ्या वेगाने भाव पुकारतोय. जनावर आत आलं की फलकावर त्याचं वजन झळकतं, किलोत. आपला नंबर यायला दोन तास असतात आणि माणूस कॅन्टीनच्या आसपास घुटमळत असतो. तिथे पडद्यामागे नर्स: बी.पी., कोलेस्टेरॉल, साखर, कमरेचा घेर, दोन शब्द. शेजारच्या गावचा पॅट आत जाऊन आला, तर आपण गेलो म्हणून काही लहान होत नाही. आजारी आहे म्हणून नाही, ‘बाजाराला आलोच होतो’ म्हणून. पुरुषाला ही पळवाट लागते.

कार्लोचे नोएल रिचर्डसन हे या सगळ्यामागचं मोठं नाव. २००८ मध्ये आयर्लंडने पुरुषांसाठी वेगळं राष्ट्रीय आरोग्य धोरण आणलं. असं करणारा हा जगातला पहिला देश. त्या धोरणाचे ते मुख्य लेखक. पुरुष बेफिकीर असतात, असं म्हणून हात झटकायचे नाहीत; सेवा त्याच्या वेळेला, त्याच्या वाटेवर आणि त्याच्या भाषेत आहे का ते आधी बघायचं, हा त्यांच्या कामाचा धागा. म्हणजे दोष रुग्णाचा नसून दवाखान्याच्या पत्त्याचा. ऐकायला साधं वाटतं. पण आपल्या किती योजना हे गृहीत धरून आखल्या जातात?

पुढच्या टप्प्यात डियाना व्हॅन डोर्न यांनी पीएचडीसाठी या कार्यक्रमाचा बारकाईने अभ्यास केला. आठशेहून अधिक शेतकरी तपासले गेले आणि त्यांतल्या चारांपैकी तिघांहून अधिकांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. त्यांचा खरा प्रश्न मात्र आकड्यांच्या पुढचा होता: चिठ्ठी हातात दिल्यावर काय होतं? म्हणून वर्षभर पाठपुरावा ठेवला, कुणाला फोनवरून सल्ला, कुणाला मोबाइलवर संदेश, आणि वर्ष संपल्यावर पुन्हा तपासणी. डॉक्टरकडे जा म्हटल्याने माणूस जातो असं नाही. इथे मेडिकल कार्डासारखी सवलत नसेल तर गल्लीतल्या डॉक्टरची एक भेट साठ युरोंच्या घरात जाते, आणि व्यायला आलेली गाय ही भेट कधीही पुढे ढकलू शकते. शिबीर म्हणजे फोटो. काम सुरू होतं ते नंतर.

या टाळाटाळीतला विरोधाभास मला सुचलेला नाही, इथले शेतकरीच तो हसत सांगतात. आयर्लंडात गुरांची क्षयरोगाची तपासणी कायद्याने सक्तीची आहे, दरवर्षी. पशुवैद्य मानेवर दोन जागी सुई टोचतो, ७२ तासांनी परत येऊन गाठ कॅलिपरने मोजतो. एक जनावर जरी सापडलं, तरी सगळ्या कळपाच्या बाजारातल्या विक्रीवर बंदी. त्यामुळे तारीख कुणी विसरत नाही. मालकाच्या स्वतःच्या तपासणीला ना तारीख, ना बंदी. त्याला वळूचं वजन किलोत पाठ, स्वतःचं विचारा.

आपल्याकडे फार वेगळं नाही. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, लाळ्या-खुरकुताची लस नोंदली जाते. मालकाची नोंद आशाताईंच्या तीस वर्षांवरच्यांसाठीच्या फॉर्ममध्ये व्हायची असते, पण ताई घरी येतात तेव्हा तो रानात असतो. पुरुषांसाठी काहीच झालं नाही असंही नाही: २०२३च्या सप्टेंबरात राज्यात ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ ही अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठीची मोहीम निघाली होती. ती तुम्हाला आठवते का, हा खोचक प्रश्न नाही. मलाही शोधावी लागली. आणि बायकांच्या शिबिरांवर माझा राग नाही. उलट आयरिश कार्यक्रमाची नजर पुरुषांवरच खिळलेली होती, गोठा सांभाळणारी बाई त्यात पुसट. आपल्या सातबाऱ्यावर ती जितकी पुसट असते तितकीच.

शिवाय बी.पी.च्या पट्ट्याने आपल्या शेतकऱ्याचं भागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं रक्तातलं कोलिनएस्टरेझ हे विकर दाबून टाकतात. ते किती खाली आलं हे कळायला फवारणीआधीचा त्याच माणसाचा आकडा हाती असावा लागतो, कारण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी. कॅलिफोर्नियात अशी विषारी औषधं हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्ताची नियमित तपासणी १९७४ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे कपाशीच्या गावात जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक, अशी दोन वेळची सुई टोचायला काय लागतं? तारीख लागते, आणि माणूस सापडेल अशी जागा.

जागा तर आपल्याकडे इतक्या आहेत, की आयरिश नर्सना हेवा वाटावा. सांगोला-चाकणचे जनावरांचे बाजार, जिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. लासलगावला कांद्याची ट्रॉली लावून लिलावाची वाट बघणारे. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे रात्रभर उभ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, त्यांच्या चाकांखाली झोपलेली माणसं. यांत ऊसतोड मजूर येतात, ज्यांच्यातल्या अनेकांकडे सातबारा नाही आणि तपासणीसाठी पाडलेल्या दिवसाला मजुरीही नाही.

पण एक जागा निवडायला सांगितली तर मी दूध संकलन केंद्र म्हणेन. आयर्लंडातही दुधाच्या सहकारी कंपन्याच पुढे आल्या, ते उगाच नाही. कोल्हापूरकडच्या कुठल्याही गावात सकाळी सहाला किटल्यांची रांग लागते, तीच माणसं, रोज दोनदा, वर्षाचे ३६५ दिवस. यंत्रात चमचाभर दूध जातं, फॅट आणि एसएनएफचा आकडा उमटतो, छापील चिठ्ठी हातात येते. फॅट एका पॉइंटने घसरली तर माणूस दिवसभर पेंडीचा विचार करतो. त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बी.पी.चं एक यंत्र ठेवायला आजच्या बाजारभावाने दोन-तीन हजार रुपये पुरतात. चिठ्ठीवर दुधाच्या ओळीखाली एक ओळ छापायची जागा असते. मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांवर तरी ती कोरीच होती.