बाष्पित्र जल-संस्करण

बाष्पित्र जल-संस्करण : औद्योगिक बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) सोडावयाच्या पाण्यातील अपायकारक द्रव्ये काढून टाकण्याची वा निष्प्रभ करण्याची क्रिया. वाफ निघून गेली, तरी पाण्यात विरघळलेली लवणे मागे राहतात व त्यांचे प्रमाण सतत वाढत जाते. त्यामुळे पिण्यास योग्य असलेले पाणीही बाष्पित्रास योग्य असतेच असे नाही.

अपाय : दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटाचे उष्णतेने अपघटन होऊन नळ्यांवर कॅल्शियम कार्बोनेटाचे कठीण पुट बसते. त्याची उष्णता संवाहकता पोलादाच्या सु. विसाव्या हिश्शाएवढी वा त्याहूनही कमी असते. परिणामी इंधन जास्त लागते आणि नळीचा धातू अतितप्त होऊन फुगतो व फुटतो. विरघळलेल्या ऑक्सिजनामुळे धातूस खड्डे पडतात. लवणे फार वाढल्यास फेस येऊन पाणी वाफेबरोबर वाहून जाते.

भात गिरण्यांतील स्थिती : सडक अर्जुनी व गोंदिया जिल्ह्याचा इतर भाग भातासाठी प्रसिद्ध आहे. उकडा तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्यांत भाताचे तूस जाळून वाफ करतात. ही वाफ सरळ भातात सोडली जात असल्याने तिचे पाणी परत मिळत नाही; फक्त शुष्ककातील वाफेचे संघनित पाणी परत घेता येते. त्यामुळे ताजे पाणी सतत घ्यावे लागते व संस्करणाचे महत्त्व वाढते. तलावाच्या पाण्यात गाळ व जैव पदार्थ, तर विंधण विहिरीच्या पाण्यात विरघळलेली लवणे व सिलिका हे मुख्य प्रश्न असतात. वाफ अन्नाच्या संपर्कात येत असल्याने हायड्राझिनासारखी विषारी रसायने येथे वर्ज्य होत.

पद्धती : प्रथम निवळण व गाळण करतात. नंतर आयन-विनिमय रेझिनातून पाणी नेऊन कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या जागी सोडियम आणतात. मिठाच्या द्रावणाने रेझीन पुन्हा कार्यक्षम होते. या क्रियेने दुष्फेनता जाते. एकूण लवणे वा सिलिका मात्र कमी होत नाहीत. ऑक्सिजन घालविण्यासाठी पाणी तापवितात व उरलेल्यासाठी सोडियम सल्फाइट वापरतात (१ भाग ऑक्सिजनास सु. ८ भाग).

साचलेली लवणे घालविण्यासाठी बाष्पित्रातील काही पाणी बाहेर सोडतात (ब्लोडाउन). पुरवठ्याच्या पाण्यात दर लिटरला २०० मिग्रॅ. लवणे असतील व बाष्पित्रातील मर्यादा ३,५०० मिग्रॅ. ठेवावयाची असेल, तर वाफेच्या सु. ६ टक्के पाणी सोडावे लागते. कमी सोडल्यास लवणे वाढतात, जास्त सोडल्यास उष्णता वाया जाते. म्हणून अंदाजाऐवजी विद्युत् संवाहकता मापून हे प्रमाण ठरविणे ही कमी खर्चाची सुधारणा होय.

दाबानुसार भेद : दाब वाढतो तसे शुद्धतेचे निकष कडक होतात. याच जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक विद्युत् केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच अतिक्रांतिक संच आहेत. अशा बाष्पित्रांत पाणी व वाफ अलग करणारे पिंप नसल्याने साचलेली लवणे नेहमीच्या रीतीने बाहेर सोडता येत नाहीत. म्हणून पाणी जवळजवळ पूर्णपणे लवणमुक्त करावे लागते.

नियमन : १९२३ च्या भारतीय बाष्पित्र अधिनियमाच्या जागी २०२५ मध्ये नवा अधिनियम आला. त्यानुसार होणारी तपासणी ठराविक मुदतीने होते. पाण्याचे गुणधर्म मात्र ऋतुमानाप्रमाणे व रेझिनाच्या स्थितीप्रमाणे बदलतात. त्यामुळे दुष्फेनता, पीएच मूल्य व एकूण लवणे यांची दैनंदिन नोंद ठेवणे हा कामगारांच्या सुरक्षिततेचा पाया ठरतो. रेझीन धुतल्यानंतरचे खारे पाणी भातखाचरांत सोडल्यास जमिनीस अपाय होतो, म्हणून त्याची विल्हेवाट स्वतंत्रपणे लावणे आवश्यक असते.