गोव्याची रात्र आणि गोव्याचे उत्सव : कार्निव्हल, शिगमो आणि पर्यटकाची नजर

प्रस्तावना

हिवाळा लागला की आपल्याकडील महाविद्यालयांत शैक्षणिक सहलीचा विषय निघतो आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी पहिले नाव गोव्याचे येते. वास्को-निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस दौंड-मनमाड मार्गाने कोपरगाववरूनच धावत असल्याने गोवा आपल्या तालुक्याला तसा परका वाटत नाही. तथापि विद्यार्थ्यांच्या मनातील गोवा हा कळंगुट, बागा, हणजुणे, वागातोर एवढ्या किनारपट्टीत सामावलेला असतो आणि तोही सूर्यास्तानंतर सुरू होतो. अशाच एका बैठकीत एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, कार्निव्हल म्हणजे ३१ डिसेंबरचाच कार्यक्रम ना?" इतर विद्यार्थी हसले, परंतु हसणाऱ्यांपैकी कोणासही नेमके उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेखकासही त्या वेळी तारखेपलीकडे फारसे सांगता आले नव्हते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. सदर लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख आहे. २०२४ या एका वर्षात तेथे आलेल्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या घरात होती व त्यांतील बहुसंख्य देशी होते. स्थानिक लोकसंख्येच्या जवळजवळ सातपट पाहुणे दरवर्षी येत असतील, तर त्या प्रदेशाचा उत्सव पूर्वीसारखा राहणे शक्य नसते. उत्सवाचा कोणता भाग रस्त्यावर आणावयाचा, कोणता गावातच ठेवावयाचा, रात्रीचे किती तास कोणाला द्यावयाचे, हे पाहुण्याच्या सोयीने ठरू लागते. पर्यटकाला जो गोवा दिसतो तो अशा निवडीतून साकारलेला असतो, आणि ती निवड कशी झाली हे समजून घेतल्याशिवाय आपण विद्यार्थ्यांना तेथे काय दाखवीत आहोत हे आपल्यालाही कळणार नाही.

कार्निव्हल : पिठापासून चित्ररथापर्यंत

कार्निव्हल हा ख्रिस्ती पंचांगातील उपवासकाळापूर्वीचा उत्सव होय. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा व्रतस्थ काळ 'राखेच्या बुधवारी' सुरू होतो. त्याच्या आधीच्या शनिवारपासून मंगळवारपर्यंतचे चार दिवस खाण्यापिण्याचे व थट्टामस्करीचे. श्रावण लागण्यापूर्वीची आपल्याकडील आषाढअखेर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चार दिवसांचे मानसशास्त्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ईस्टरचे गणित वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून असल्याने कार्निव्हलही चंद्राबरोबर सरकतो व बहुधा माघ अमावास्येच्या आसपास येतो. त्यामुळे कार्निव्हल आणि होळी यांत अनेकदा जेमतेम पंधरवड्याचे अंतर असते. २०२६ मध्ये कार्निव्हल १७ फेब्रुवारीस संपला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात होळी आली. २०२४ मध्ये मात्र हे अंतर सुमारे सहा आठवड्यांचे होते.

पोर्तुगीज काळात या उत्सवाचे प्रचलित नाव 'इंत्रूझ' असे होते. एकमेकांवर पीठ, पाणी, रंग, अंडी फेकणे, मुखवटे चढवून ओळखीच्यांना चकविणे, मालकाची नक्कल करणे असे त्याचे स्वरूप होते. सासष्टी तालुक्यात याच दिवसांत 'खेळ' नावाची पथनाट्ये गावोगाव फिरत. तियात्र या कोंकणी रंगप्रकाराशी त्यांचे जवळचे नाते आहे. प्राचीन चंद्रपूर म्हणजे आजच्या चांदर येथे ख्रिस्ती समाज याच काळात 'मुसळ खेळ' करतो. हाती मुसळ घेऊन होणाऱ्या या नृत्याची नाळ धर्मांतरपूर्व काळाशी जोडली जाते.

आज पर्यटक ज्याला कार्निव्हल म्हणतो ती चित्ररथांची मिरवणूक मात्र गोवामुक्तीनंतरची आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६५ मध्ये वास्को आल्वारिस यांच्या पुढाकाराने पणजीत मिरवणूक निघाली. तिमोतेओ फर्नांडिस हे तिचे 'किंग मोमो' होते. पुढे शासनाच्या पर्यटन विभागाने ती आपल्या कार्यक्रमपत्रिकेत घेतली. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा असा तिचा क्रम रूढ झाला. किंग मोमोने 'खा, प्या, मजा करा' अशी आज्ञा वाचावयाची हेही ठरून गेले. प्रायोजकांच्या जाहिराती वाहणारे रथ आले. चर्चनेही या व्यापारी स्वरूपाविषयी वेळोवेळी नापसंती व्यक्त केली आहे.

हे केवळ गोव्यात घडले असे मानण्याचे कारण नाही. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील माझात्लान या बंदराच्या शहरातही कार्निव्हलमध्ये पिठाची लढाई चालत असे. १८९८ मध्ये तेथील प्रतिष्ठित नागरिकांनी समिती नेमली, पिठाच्या जागी कागदाचे तुकडे व फिती आणल्या आणि उत्सवास मिरवणुकीचे शिस्तबद्ध रूप दिले. आज हे शहर समुद्रकिनारा, संगीत व रात्रीचे जीवन यांसाठी पर्यटकांत प्रसिद्ध आहे आणि कार्निव्हल ही त्याची ओळख बनली आहे. ज्या खेळात प्रत्येक जण सामील होता, त्यात काही जण सादर करणारे व उरलेले पाहणारे अशी विभागणी झाली, हे दोन्ही ठिकाणचे साम्य लक्षणीय आहे. फरक इतकाच की माझात्लानमध्ये हा बदल नगरवासीयांनी स्वतःसाठी घडविला. गोव्यात त्याची वाढ प्रामुख्याने पाहुण्यांसाठी झाली.

अर्थात उत्सवाला शासनाचा हात लागला म्हणजे तो खोटा ठरतो, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. आपल्या शेजारचे उदाहरण पाहावे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांच्या कल्पनेतून १८९७ मध्ये शिर्डीत उरूस सुरू झाला, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळवावी लागली आणि १९१२ मध्ये त्यास रामनवमी उत्सवाची जोड मिळाली, अशी हकीकत श्रीसाईसच्चरितात आली आहे. आज त्या उत्सवास कोणी कृत्रिम म्हणत नाही.

शिगमो : आपला शिमगा आणि त्यांचा शिगमो

मराठी विद्यार्थ्यास शिगमो हा कार्निव्हलपेक्षा जवळचा वाटावयास हवा. प्रत्यक्षात त्याचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते. फाल्गुनातील हा उत्सव 'धाकटो' व 'व्हडलो' अशा दोन प्रकारांत साजरा होतो. धाकटो शिगमो पौर्णिमेपूर्वी, मुख्यतः जुन्या काबिजादींत. व्हडलो शिगमो पौर्णिमेपासून, मुख्यतः नव्या काबिजादींत. या भेदामागे इतिहास आहे. तिसवाडी, बार्देश व सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तेथील मंदिरे पाडली गेली, मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा या दैवतांना फोंड्याच्या परिसरात आश्रय घ्यावा लागला आणि १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इत्यादी महाल अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आले, तोपर्यंत त्या धर्मोत्साहाची धार बोथट झाली होती. म्हणून देवळाच्या मांडावरचा शिगमो तेथे अधिक सलगपणे टिकला.

डिचोली-सत्तरीकडील घोडेमोडणीत कलावंत कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधून, हाती तलवार घेऊन ढोल-ताशांच्या तालावर नाचतात. साळ गावी होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री 'गडे' जागतात, झर्मे येथे चोरोत्सव होतो, काणकोण परिसरात गोफ विणला जातो, साखळीत वीरभद्र निघतो. हे बहुतेक सारे रात्री घडते. मातीच्या भांड्याच्या तोंडावर चामडे ताणून केलेले घुमट हे वाद्य गोव्याच्या या संगीताचा प्राण होय. पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध झाल्यावर बकऱ्याचे कातडे आले आणि २०१९ मध्ये शासनाने घुमटास राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली.

शहरांतून निघणारी शिगमो मिरवणूक कार्निव्हलच्याच साच्यात बसविलेली आहे. चित्ररथ, रोमटामेळ, लोकनृत्यपथके, परीक्षक आणि रोख बक्षिसे. बक्षिसांमुळे गावोगावची पथके टिकली, तरुण मुले ढोलाकडे वळली, हे मान्य केले पाहिजे. परंतु परीक्षकांच्या व्यासपीठासमोर मिळणारी मोजकी मिनिटे आणि मांडावरची संपूर्ण रात्र यांत सादरीकरण बदलणारच.

रात्र कोणाची?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोव्याचे रात्रीचे जीवन हिप्पींनी आणले आणि तत्पूर्वी गोवा दिवेलागणीलाच निजत असे, असे अनेकांना वाटते. वास्तविक गोव्यातील देवळांच्या जत्रा रात्रीच्याच. पालखी फिरून आली की मांडवात नाटक उभे राहते आणि ते पुष्कळदा मराठी असते. पेडणे-डिचोलीकडे दशावतारी काला पहाटेपर्यंत चालतो. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाने गोव्यास जावयाचे तर या हंगामात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील तरुण प्रथम कळंगुट व पुढे हणजुणे येथे राहू लागले. नाताळच्या व पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर संगीत होई, तिकीट नसे. १९८० च्या दशकात खास विमानांनी येणारे पर्यटक आले, मोठी हॉटेले आली, आणि पाणी, जमीन व किनाऱ्यावरील वाट यांसाठी स्थानिकांचे आंदोलनही उभे राहिले. १९९० च्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे संगीताचे नाव जगभर झाले. २००७ मध्ये कांदोळी येथे 'सनबर्न' हा तिकीट लावलेला महोत्सव सुरू झाला. २०१६ मध्ये तो पुण्याकडे गेला, २०१९ मध्ये वागातोरला परतला, २०२४ मध्ये धारगळ येथे गेला तेव्हा गावातील विरोध उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०२५ मध्ये त्याने मुंबई गाठली. उत्सव गावाचा असेल तर त्याला गाव बदलता येत नाही, एवढा भेद या प्रवासावरून स्पष्ट व्हावा.

वादाच्या मुळाशी आवाज आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकास बंदी आहे. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्रीची ही शांतता निःसंदिग्धपणे अधोरेखित केली. आपल्याकडे गणेशोत्सव, नवरात्र आणि तमाशाचे फड यांच्या संदर्भात हा नियम सर्वांना परिचित आहे. गोव्यात तोच नियम जत्रेतील नाटकाला लागू होतो आणि किनाऱ्यावरील क्लबलाही. नाटकवाले मंडळ परवानगीच्या वेळेत अंक बसविते; क्लबच्या आवाजाविरुद्ध मात्र रहिवाशांना वर्षानुवर्षे न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. दक्षिणेकडील पाळोळे येथे यावर एक मजेशीर तोड निघाली. प्रत्येकाने कानाला हेडफोन लावून नाचावयाचे. दुरून पाहणाऱ्यास ते दृश्य चमत्कारिक वाटते, पण शेजारच्या घरातील मूल झोपलेले असते.

या रात्रीचा भार वाहणारे लोक पर्यटकाच्या नजरेस क्वचितच पडतात. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास हडफडे येथील एका नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत पर्यटक थोडे होते. बहुसंख्य मृत तेथे नोकरी करणारे, पोटासाठी दूरच्या प्रांतांतून आलेले तरुण होते. बातमी वाचली त्या दिवशी आमच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर त्याच परिसरातील नववर्षाच्या जाहिराती होत्या.

पाऊस आणि पाहुणे नसलेला गोवा

जूनमध्ये किनाऱ्यावरील तात्पुरत्या झोपड्या उतरविल्या जातात आणि पर्यटनाचा मुख्य हंगाम संपतो. याच वेळी, २४ जूनला, सांजांव येतो. डोक्यावर पानाफुलांचे 'कोपेल' घालून तरुण भरलेल्या विहिरींत उड्या घेतात, नव्या जावयाचा मान होतो आणि शिवोली येथे सजविलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळासमोरील मैदानात 'चिखलकालो' होतो. तेल लावलेले पुरुष विठ्ठलनामाच्या गजरात चिखलात खेळतात. वारकरी परंपरेत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यास हे पाहून घरचेच वाटेल. अलीकडे पर्यटन विभागाने या दोन्ही उत्सवांकडे लक्ष वळविले आहे, तेव्हा त्यांचेही व्यासपीठ लवकरच उभे राहील अशी चिन्हे आहेत.

उपरोक्त प्रश्नानंतरची सहल आम्ही डिसेंबरऐवजी होळीनंतरच्या आठवड्यात नेली. फोंड्यात शिगमो मिरवणूक पाहिली. व्यासपीठासमोरून पुढे गेलेले घोडेमोडणीचे एक पथक रस्त्याच्या कडेला सांगाडे उतरवून चहा पीत होते, तेथे विद्यार्थी त्यांच्याशी बोलू लागले. त्यांतील एक ज्येष्ठ कलावंत म्हणाले की गावात हाच नाच घरोघरी जातो आणि प्रत्येक अंगणात थांबतो. इथे थांबले की मागचा रथ भोंगा वाजवतो. विद्यार्थ्यांनी गावातील उत्सवाची तारीख विचारली. त्यांनी तारीख नव्हे, तिथी सांगितली. पुढील वर्षाचे पंचांग आल्यावर ती पडताळून पाहिली, तेव्हा आमच्या अंतर्गत परीक्षा त्याच आठवड्यात लागलेल्या आढळल्या. वेळापत्रक दोन दिवस पुढे ढकलण्याविषयीचा अर्ज परीक्षा विभागाकडे दिलेला आहे.