डबा नको, नदी शोधा!

तळोज्यात राहणाऱ्या आम्हा ऑफिसवाल्यांचा वीकएण्ड म्हणजे मॉल, नाहीतर झोप. गोव्याला निघालोच, तर वाटेतल्या नद्या कधी मागे पडतात ते कळतही नाही. यावर एक भन्नाट उतारा आहे... जिओकॅशिंग!

म्हणजे चक्क खजिन्याचा शोध. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यात झाडीत एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. शोधा, वहीत नोंद करा, एखादी वस्तू घेतलीत तर दुसरी ठेवा. बस्स!

आपल्याकडे मात्र हा डबा ठेवायचा कुठे? बेवारस वस्तूंबद्दलच्या सूचना स्टेशनवर ऐकत मोठी झालेली माणसं आपण. पुलाखाली कुणी चाचपडताना दिसलं तर लोक पोलिसांना बोलावतील, आणि बरोबरच आहे ते. शिवाय कोकणातल्या पावसात त्या वहीचा लगदा होणार. म्हणून मला याच खेळातला 'अर्थकॅश' जास्त पटतो (इथला अर्थ म्हणजे पृथ्वी, पैसा नव्हे!). डबा नाही. दिलेल्या जागी जायचं आणि तिथल्या जमिनीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर शोधून आणायचं.

त्याच धर्तीवर आम्ही चौघांनी नद्यांचा घरगुती खेळ बनवला, तळोजा ते महाड. पहिला पॉइंट घराजवळचाच, कासाडी नदी. प्रश्न : पाण्याचा वास नेमका कुठून बदलतो? 2017 मध्ये तळोजा एमआयडीसीतले निळे कुत्रे गाजले होते, ते याच परिसरातले. नाकावर रुमाल धरून उत्तर मिळालं.

मग पनवेलहून मुंबई-गोवा हायवे. पेणची भोगावती, नागोठण्याची अंबा झटपट उरकल्या. कोलाडला कुंडलिकेवर मात्र दोन तास गेले. पाऊस नसतानाही इथे राफ्टिंग चालतं, ते पाणी येतं कुठून? उत्तर सॉलिड आहे. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि तिथून कुंडलिकेत येतं. एरवी मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते अरबी समुद्राला मिळतं! 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध.

महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कोसळला, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. वर्षभरात नवा पूल झाला. तिथे कोडं घालावंसं वाटेना. आम्ही गावात शिरलो. प्रश्न : जुलै 2021 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं? इथे जीपीएस काय करणार? माणसालाच विचारावं लागतं. टपरीवाल्या काकांनी चहा गाळता गाळता हात डोक्याच्या वर नेला. ''इथवर. आणि चिखल काढायला किती दिवस गेले, ते नाही विचारलंत?''

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. पुलावर गाडी थांबवू नका, गावात लावा आणि चालत जा.

आमचा पुढचा टप्पा चिपळूण. वाशिष्ठीसाठी प्रश्न बनवायचाय, सुचतोय का काही?